रथाची किंमत आणि रथावरचा भरवसा

युद्धसामग्रीवरील खर्चाचा विषय निघाला की आपल्या प्रवचनांतून एक हिशेब हमखास मांडला जातो. एका विमानाच्या किमतीत इतक्या शाळा, एका युद्धनौकेच्या किमतीत इतकी घरे, असा तो हिशेब असतो. २२ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सात बी-२ विमानांनी इराणातील फोर्दो व नतान्झ येथील अणुकेंद्रांवर चौदा प्रचंड बॉम्ब टाकले. त्या वेळी या विमानाची किंमत वृत्तपत्रांतून पुन्हा छापून आली, आणि ती रक्कम ऐकून कोणाही धर्मसेवकाला तो हिशेब मांडावासा वाटावा यात नवल नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या हिशेबाचीच परीक्षा करू इच्छितो. तो खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि ज्या पवित्र शास्त्राचा आधार घेऊन तो मांडला जातो त्या शास्त्राचे म्हणणे त्याहून निराळे व पुष्कळ कठोर आहे, असे आमचे मत झाले आहे.

हा हिशेब मूळचा धर्मपीठावरचा नव्हे. त्याला आजचे प्रसिद्ध रूप दिले ते एका सेनापतीने. स्टालिनच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी, १६ एप्रिल १९५३ रोजी, अमेरिकेचे नवे अध्यक्ष ड्वाइट आयसेनहॉवर यांनी वृत्तपत्र-संपादकांपुढे वॉशिंग्टन येथे एक भाषण केले. त्यात त्यांनी एका जड बॉम्बफेकी विमानाची किंमत तीसहून अधिक शहरांतील प्रत्येकी एका पक्क्या शाळेइतकी, किंवा साठ हजार वस्तीच्या गावाला पुरेल अशा दोन वीजकेंद्रांइतकी, किंवा दोन सुसज्ज रुग्णालयांइतकी भरते असे सांगितले. एका लढाऊ विमानापायी पाच लाख बुशेल गहू जातो, हेही त्यांनी सांगितले. भाषणाचे बळ या नगांत आहे. डॉलरचा आकडा ऐकणाऱ्याच्या मनातून निसटतो; विटांची शाळा निसटत नाही. या खर्चाखाली मानवजात लोखंडाच्या क्रुसावर टांगली गेली आहे, अशी प्रतिमाही त्यांनी तेथे योजिली, आणि धर्मोपदेशकांना हे भाषण आपलेसे वाटले ते बहुधा तिच्यामुळेच.

पण ही प्रतिमा जरा थांबून पाहण्यासारखी आहे. नव्या करारातील क्रूस एकाने दुसऱ्यांसाठी स्वेच्छेने पत्करलेला आहे. या भाषणातला क्रूस टांगलेल्यांनीच आपल्या हातांनी घडविलेला आहे. तो कोणी घडविला, कोणत्या भीतीपोटी घडविला, हा प्रश्न विचारताच भाषण समोरच्या पक्षाकडे, म्हणजे सोव्हिएट रशियाकडे, बोट दाखवून मोकळे होते. स्वतः आयसेनहॉवर सैन्यखर्चाला आवर घालू पाहणारे गृहस्थ होते आणि १७ जानेवारी १९६१ च्या निरोपाच्या भाषणात त्यांनी शस्त्र-उद्योग व सैन्य यांच्या हातमिळवणीविषयी दिलेला इशारा प्रामाणिक होता, हे आम्ही मान्य करतो. तरीही बी-५२ हे बॉम्बफेकी विमान सैन्यात दाखल झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत, १९५५ साली. आणि १९६२ पर्यंत अशी ७४४ विमाने बांधली गेली. म्हणजे हिशेब अचूक मांडणाऱ्यालाही तो हिशेब विमान बांधण्यापासून परावृत्त करू शकला नाही.

याच विचाराला अधिक ठोस रूप मिळाले ते आपल्या भूमीवर. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक परिषदेसाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले, तेव्हा त्यांनी पत्रकारांमार्फत जगातील राष्ट्रांना विनंती केली की, शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग बाजूस काढून दरिद्री जनतेसाठी एक जागतिक निधी उभारावा. १९६७ च्या आपल्या परिपत्रकात त्यांनी या मुंबईतील आवाहनाची आठवण मुद्दाम दिली. तुलनेवर न थांबता त्यांनी पैसा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसा जावा याची वाट दाखविली, हा त्यांचा विशेष. तसा निधी त्या स्वरूपात उभा राहिला नाही. असो.

आता बी-२ विमानाकडे वळू. रडारला सहजी न सापडणारे असे हे विमान बांधण्याचे काम अमेरिकी सरकारने १९८१ साली नॉर्थ्रॉप कंपनीकडे सोपविले. पुढची काही वर्षे त्याचा खर्च अंदाजपत्रकाच्या गुप्त भागात राहिला. शत्रूच्या रडारपासून लपणारे विमान आधी स्वतःच्या देशातील करदात्यांपासून लपले, असे म्हणावयास हरकत नाही. २२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पामडेल येथे ते प्रथम लोकांपुढे आणले गेले. निमंत्रितांना विमानाची मागील बाजू दिसू नये अशा बेताने बसविले होते. वरचे आकाश बंद करण्याचे मात्र राहून गेले, आणि एका विमानविषयक साप्ताहिकाने वरून उडत जाऊन जे दाखवायचे नव्हते त्याचेच छायाचित्र टिपले.

मूळ योजना १३२ विमानांची होती. शीतयुद्ध ओसरू लागले तशी १९९० मध्ये ती संख्या ७५ वर आणि जानेवारी १९९२ मध्ये २० वर आली. पुढे चाचणीसाठी बांधलेले एक विमान लढाऊ केल्याने ती २१ झाली. एकूण कार्यक्रमाचा खर्च १९९७ च्या किमतींनुसार सुमारे ४४.७५ अब्ज डॉलर धरण्यात आला. त्याला २१ ने भागले असता दर विमानामागे दोन अब्ज डॉलरहून थोडी अधिक रक्कम येते. याचे रुपये करून सांगण्याची हौस आम्ही टाळतो. त्याने श्रोता चकित होतो, पण शहाणा होत नाही.

येथेच आपल्या हिशेबाची पहिली अडचण आहे. संशोधन, आराखडे, कारखान्यातील खास यंत्रे यांवरचा खर्च एकदाच होतो. तो १३२ विमानांवर विभागला तर एका विमानाच्या वाट्याला थोडा येतो, २१ वर विभागला तर पुष्कळ येतो. म्हणजे विमानांची संख्या घटली म्हणूनच त्यांची किंमत चढली. यातून एक विलक्षण गोष्ट घडली. १९९५ च्या सुमारास आणखी वीस बी-२ बांधावीत असा आग्रह धरणारे लोक किमतीचाच दाखला देत होते: संशोधनाचा पैसा तर खर्च झालाच आहे, मग यापुढचे प्रत्येक विमान पुष्कळ स्वस्त पडेल, ते का सोडावे? विमान महाग म्हणून आपण निषेध करतो, आणि समोरचा मनुष्य महागाईवर उपाय म्हणून अधिक विमाने सुचवितो. बी-२ च्या जागी येणाऱ्या बी-२१ या विमानाचे तर समर्थनच असे केले जाते की, ते निदान शंभर बांधावयाचे असून २०१० च्या किमतींनुसार प्रत्येकी ५५ कोटी डॉलरच्या मर्यादेत बसवावयाचे आहे. म्हणजे बी-२ च्या मानाने ते स्वस्तच. आपला आक्षेप केवळ किमतीवर उभा असेल, तर स्वस्त बॉम्बफेकी विमानापुढे आपल्यापाशी बोलावयास काय उरते?

दुसरी अडचण अशी की, १३२ ची २१ झाली तेव्हा न बांधलेल्या १११ विमानांच्या शाळा झाल्या नाहीत. हिशेबात विमान आणि शाळा एकाच तराजूच्या दोन पारड्यांत असतात. राज्यकारभारात तसा तराजू क्वचितच असतो. एक पारडे रिकामे केल्याने दुसरे आपोआप भरत नाही. सहाव्या पॉलनी वेगळ्या निधीचा आग्रह का धरला, ते यावरून कळते.

पवित्र शास्त्राला शस्त्रांच्या किमती ठाऊक नाहीत असे नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी शलमोनाच्या वैभवाचे वर्णन संपता संपता दोन भाव नोंदलेले आहेत: मिसर देशातून येणारा रथ सहाशे शेकेल रुपे, आणि घोडा दीडशे. आजच्या वजनात रथ साधारण पावणेसात किलो चांदीला पडला. दाविदाने अरवनाचे खळे बैलांसह पन्नास शेकेलांना घेतले होते असे शमुवेलाचे दुसरे पुस्तक सांगते. (इतिहासकाराने त्या जागेची किंमत फार मोठी, आणि तीही सोन्यात दिली आहे, तो प्रश्न येथे सोडून देऊ.) तेव्हा एका रथाच्या किमतीत बैलांसह बारा खळी, असा हिशेब शास्त्राच्याच आकड्यांवरून कोणीही मांडू शकेल. शास्त्रकाराने तो मांडलेला नाही. त्याने भाव लिहिला आणि लगेच पुढचे वाक्य लिहिले की, याच दराने हित्ती व अरामी राजांनाही ही सामग्री शलमोनाच्या व्यापाऱ्यांमार्फत पुरविली जात असे. मिसरातून घोडे वाढवू नयेत असे राजाला बजावणारा अनुवादाच्या सतराव्या अध्यायातील नियम ज्याच्या कानात आहे, त्याला हे वाक्य वैभवाचे वाटणार नाही. त्यातून पुढे अहाब राजा रामोथ-गिलादापाशी मारला गेला तो अरामाच्या सैन्याशी लढताना, आणि त्या लढाईतील अरामाच्या बत्तीस रथाधिपतींचा उल्लेख त्याच पुस्तकात आहे. रथ किती महाग होता एवढ्यावर शास्त्रकाराचे लक्ष थांबत नाही. तो कोणाच्या दारी गेला आणि कोणावर उलटला, हे तो आपल्याला शोधावयास लावतो.

आता आमच्या मते जो भाग सर्वांत महत्त्वाचा, त्याकडे येऊ. तो आहे बांधून झाल्यानंतरचा खर्च. बी-२ चे अंग रडारच्या लहरी शोषून घेणाऱ्या पदार्थांनी मढविलेले असते. पृष्ठभागावरील सांधे, फटी, झाकणे सारी गुळगुळीत बुजवावी लागतात. दुरुस्तीसाठी एखादे झाकण उघडले की तेवढा भाग पुन्हा बुजवून वाळू द्यावा लागतो. ऊन, पाऊस, दमट हवा यांनी हे आवरण बिघडते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९७ च्या अहवालात स्पष्ट नोंदविले की, हे विमान निवाऱ्याखाली ठेवणे भाग आहे. मिसूरी राज्यातील व्हाइटमन तळावर त्यासाठी हवामान नियंत्रित असलेली दालने आहेत. हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटावरही त्याच्यासाठी खास निवारे उभारले गेले. एक तासाच्या उड्डाणामागे देखभालीसाठी शंभराहून अधिक मनुष्यतास खर्ची पडत, आणि डॉलरांत पाहिले तर त्या एका तासाचा खर्च लाखाच्या वर जातो.

२३ फेब्रुवारी २००८ रोजी ग्वाम बेटावरील तळावर 'स्पिरिट ऑफ कॅन्सस' हे विमान धावपट्टीवरून उठता उठता कोसळले. दोन्ही वैमानिक वाचले, विमान जळाले. नुकसान १.४ अब्ज डॉलरचे ठरले. चौकशीत निष्पन्न झाले ते असे की, हवेचा दाब मोजणाऱ्या उपकरणांत दमटपणा शिरला होता, त्यामुळे विमानाच्या संगणकांना आपला वेग व कल चुकीचा कळला. शत्रू नव्हता, क्षेपणास्त्र नव्हते. थोडेसे पाणी होते. डिसेंबर २०२२ मध्ये व्हाइटमन येथे उतरताना आणखी एका विमानाला अपघात होऊन आग लागली. २०२४ साली ते दुरुस्त न करण्याचे ठरले. अशा रीतीने २१ ची १९ उरली.

जून २०२५ ची ती सात विमाने मिसूरीहून निघून परत मिसूरीला पोहोचली तेव्हा सुमारे सदतीस तास लोटले होते. वाटेत त्यांना हवेतल्या हवेत पुन्हा पुन्हा इंधन पाजावे लागले. इंधनवाहू, संरक्षक व टेहळणीची मिळून सव्वाशेहून अधिक विमाने या कामगिरीत गुंतली होती.

हे सारे वाचताना आम्हांस यशयाचा सेहेचाळिसावा अध्याय आठवतो. बाबेलच्या बेल व नबो या देवता तेथे वाकल्या आहेत. त्यांच्या मूर्ती जनावरांच्या पाठीवर लादल्या आहेत आणि ती जनावरे थकली आहेत. त्यानंतर परमेश्वर आपल्या लोकांना म्हणतो की, मीच तुम्हांस गर्भापासून वाहिले, तुमचे केस पिकेपर्यंत मीच वाहीन. मूळ इब्री भाषेत उचलणे व वाहणे यांसाठी दोन्हीकडे तीच क्रियापदे फिरून येतात. भाषांतरात हे पुष्कळदा निसटते. कोण कोणाला वाहतो, हा त्या अध्यायाचा प्रश्न आहे. खर्चाचा उल्लेखही तेथे आहेच: लोक थैलीतून सोने ओततात, तागडीत रुपे तोलतात, सोनार लावतात, मग घडविलेली वस्तू खांद्यावर घेऊन तिच्या जागी नेऊन ठेवतात. परंतु रुप्याच्या वजनाची तक्रार करून संदेष्टा थांबत नाही. जिने आपल्याला तारावे म्हणून ती घडविली, तिलाच आता जपावे, झाकावे, उचलावे लागते, हे त्याला दाखवावयाचे आहे.

या उताऱ्यावर बोलताना एक पथ्य पाळावे असे आम्ही आपल्या उपदेशक बंधूंना सुचवितो. आपण ज्या गावांत राहतो तेथे आपल्या शेजाऱ्यांची देवळे आहेत, आणि त्यांच्या पूजेची थट्टा करण्यासाठी हा अध्याय वापरण्याची एक जुनी, लाजिरवाणी रीत आपल्यांत आहे. संदेष्ट्याचे श्रोते बाबेलमधील बंदिवान यहूदी होते. जगातील सर्वांत बलाढ्य साम्राज्याच्या वैभवाने दिपलेल्या स्वतःच्या लोकांशी तो बोलत होता. आजच्या महासत्तेच्या शस्त्रांनी जो दिपतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच्याशी हा अध्याय बोलतो.

याच ग्रंथाचा एकतिसावा अध्याय हिज्कीया राजाच्या काळातला. अश्शूरच्या भीतीने यहूदाचे मुत्सद्दी मिसरच्या घोड्यांकडे व रथांकडे धावत होते. त्याआधीच्या अध्यायात तर नेगेबच्या रानातून गाढवांवर व उंटांवर लादून मिसरला निघालेल्या खजिन्याचे चित्र आहे. संदेष्ट्याचा आक्षेप असा की, मिसरी लोक मनुष्य आहेत, देव नव्हेत. आणि त्यांचे घोडे मांस आहेत, आत्मा नव्हेत. बासार आणि रूआह हे दोन शब्द तेथे समोरासमोर उभे केले आहेत. आता या विमानाचे नाव पाहा. बी-२ चे अधिकृत नाव 'स्पिरिट', आणि त्यांपैकी बहुतेकांना एकेका राज्याच्या आत्म्याचे नाव दिलेले आहे: मिसूरीचा, कॅन्ससचा, हवाईचा. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ जोम, बाणा असाही होतो. नाव देणाऱ्यांच्या मनात पवित्र आत्म्याचा अवमान होता असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. परंतु यशयाच्या वाचकाला येथे अडखळल्याशिवाय राहवणार नाही. ज्याला संदेष्ट्याने मांस म्हटले त्याला आपल्या युगाने आत्मा म्हटले, आणि ग्वामच्या दमट सकाळी त्या आत्म्याचे मांसपण उघडे पडले.

विमानाच्या बाजूने जे म्हटले जाते तेही ऐकून घेतले पाहिजे. थोडी विमाने, थोडी माणसे, नेमके लक्ष्य. जेथे पूर्वी शहरे भाजली जात तेथे आता एक इमारत पडते, असा तो युक्तिवाद आहे. न्याय्य युद्धाच्या परंपरेत निरपराध्यांना वगळण्याची जी अट आहे, तिच्या दृष्टीने हा मुद्दा क्षुल्लक नाही. तथापि ७ मे १९९९ च्या रात्री बेलग्रेडमध्ये याच विमानाने टाकलेले बॉम्ब अगदी नेमके पडले, ते चिनी वकिलातीवर. तीन चिनी पत्रकार मेले. अमेरिकेच्या खुलाशाप्रमाणे विमानाने चूक केली नव्हती. लक्ष्य ठरविणाऱ्यांनी जुन्या नकाशांवरून इमारत चुकीची निवडली होती. दोन अब्ज डॉलरच्या यंत्राला नेमकेपणा विकत घेता येतो, विवेक कोणी तरी बाहेरून पुरवावा लागतो.

हा विषय आमच्या कित्येक वाचकांना दूर अमेरिकेचा वाटणार नाही. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. इंदूरजवळच्या महूला लष्करी शिक्षणाच्या मोठ्या संस्था आहेत. तेथील उपदेशकासमोर रविवारी ज्यांचे मुलगे किंवा पती सैन्यात आहेत अशी कुटुंबे बसलेली असतात. त्यांच्यापुढे शस्त्रे म्हणजे निव्वळ उधळपट्टी असे म्हणून जो खाली उतरेल, त्याने त्या घरांना काहीच दिले नाही. हिमालयातील थंडीत उभ्या असलेल्या जवानाचे बूट व तंबू हाही युद्धखर्चच असतो, आणि त्या मातेला तो जास्त हवा असतो. खर्च कमी की अधिक यावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. यशया हिज्कीयाला तट पडू दे असे सांगत नव्हता. तटावर विसंबू नकोस असे सांगत होता. हा भेद त्या मातेला समजावून देता येतो, आणि समजल्यावर ती तो आपल्यापेक्षा चांगला पाळते.

लूकच्या चौदाव्या अध्यायातील दोन दाखले या विषयावर फार वापरले जातात: बुरूज बांधण्याआधी खर्च मोजणारा, आणि वीस हजारांच्या राजापुढे दहा हजार घेऊन निघालेला राजा. 'क' वर्षाच्या वाचनक्रमात हा उतारा सप्टेंबरच्या आरंभी येतो. २०२५ साली तो ७ तारखेला, इराणवरील हल्ल्यानंतर तीन महिन्यांच्या आत वाचला गेला. त्याचा अर्थ काटकसर किंवा दूरदृष्टी असा लावण्याचा मोह होतो. पण दुसऱ्या दाखल्यातील राजा हिशेब केल्यावर आणखी दहा हजार उभे करीत नाही. शत्रू दूर आहे तोवर तो वकील पाठवून सलोख्याच्या अटी विचारतो. आणि प्रभू येशूने त्यावर काढलेला निष्कर्ष तेहेतिसाव्या वचनात आहे: आपल्या सर्वस्वाचा त्याग केल्यावाचून कोणी त्याचा शिष्य होऊ शकत नाही. प्रवचन तयार करताना पुष्कळ जण बत्तिसाव्या वचनावर थांबतात, कारण हिशेब तेथवर जमतो.